लिस्पमध्ये वेळ मोजताना

(पडद्यावर: आयबीएम ७०४ हा कॉम्प्युटर)

१९६० च्या सुमारास एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी पाहुण्यांना त्यांनीच बनवलेली लिस्प ही प्रोग्रॅमिंग भाषा चालवून दाखवत होते. सगळं सुरळीत, जरा सावकाश चाललं होतं. एकाएकी फ्लेक्सोरायटर (कॉम्प्युटरला जोडलेला टाइपरायटर) सेकंदाला दहा अक्षरं या गतीने भलतंच टाइप करू लागला: गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) चालू झाला आहे, त्याची आकडेवारी अशी. आकडेवारी संपेना. श्रोते हसून बेजार झाले आणि प्रात्यक्षिकाची वेळ संपली.

प्रोग्रॅमला किती वेळ लागला, या हिशेबात लिस्पमध्ये गार्बेज कलेक्टर तेव्हापासून आहेच.

(पडद्यावर: एसबीसीएलचं टर्मिनल)

आज कॉमन लिस्प या लिस्पच्या प्रकारात ‘टाइम’ हा मॅक्रो आहे. त्याच्या कंसात हवा तो कोड ठेवा. कोडचं उत्तर जसंच्या तसं मिळतं आणि मोजमाप वेगळं छापलं जातं. एसबीसीएल हे कॉमन लिस्प चालवणारं सॉफ्टवेअर बरंच काही सांगतं: घड्याळाप्रमाणे गेलेला वेळ, प्रोसेसरने खर्चलेला वेळ, त्यातला कलेक्टरचा वाटा, घेतलेली मेमरी बाइटमध्ये.

पहिले दोन आकडे एकच समजू नका. नेटवर्कवरून उत्तराची वाट पाहत बसलेला प्रोग्रॅम घड्याळाचे सेकंद खातो, प्रोसेसरला मात्र फारसं काम नसतं. उलट अनेक थ्रेड (प्रोग्रॅमचे समांतर चालणारे भाग) एकदम राबले, तर प्रोसेसरचा वेळ घड्याळाच्याही पुढे जातो. माझ्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते बाइटच्या आकड्याकडे. घड्याळाचा आकडा दर खेपेला हलतो, हा सहसा फारसा हलत नाही. शिवाय कलेक्टरवर किती भार पडणार, याचा अंदाज त्यावरूनच येतो.

(पडद्यावर: टॅक फंक्शनचा कोड)

हे टॅक, वेग मोजण्यासाठी वापरलं जाणारं छोटं फंक्शन. मूळ फंक्शन इकुओ ताकेउची यांचं; मॅकार्थींनी आठवणीतून सांगताना ते थोडं बदललं आणि तेच रूप रूढ झालं. रिचर्ड गॅब्रिएल यांच्या लिस्पचा वेग मोजण्यावरच्या १९८५ च्या पुस्तकातल्या चाचण्यांतही तेच आहे. १८, १२, ६ दिले की उत्तर येतं ७. एवढ्यासाठी फंक्शन ६३,६०९ वेळा कॉल होतं आणि एक वजा करणं ४७,७०६ वेळा घडतं. यादी कुठेच बनत नाही, त्यामुळे मुख्यतः फंक्शन-कॉलचा खर्च मोजला जातो. किती नेमकी चाचणी!

आजच्या मशीनवर मात्र घड्याळाचा वेळ ०.००० सेकंद दिसू शकतो. मग तेच हजार वेळा फिरवा आणि भागाकार करा. दोन लिस्पची तुलना करायची असेल, तर आधी दोन्हीकडे फंक्शन कंपाइल (चालवण्याआधीच भाषांतरित) करून घ्या. एसबीसीएल ते एरवी आपणहून करतं. सीलिस्प या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते राहिलं, तर मोजला जाईल कोड कंपाइल न करता चालवणारा तिथला इंटरप्रिटर. आणि ‘टाइम’ऐवजी आतल्या घड्याळाचे आकडे थेट घेत असाल, तर एका सेकंदात किती एककं, हे त्या त्या लिस्पच्या स्थिरांकातूनच घ्या. एकीकडचा आकडा दुसरीकडे चालेलच असं नाही.