खुराड्याची फट

नमस्कार, श्रोतेहो.

परसदारी दहा-पंधरा गावठी कोंबड्या बाळगणाऱ्या घरांवर, विशेषतः आमच्या कोकणात, सकाळी खुराडे उघडताच नुसती पिसे विखुरलेली दिसण्याची वेळ एकदा तरी येतेच. माझ्यावर ती श्रावणात आली. दाराची कडी मी स्वतः लावली होती आणि सकाळीही ती तशीच लागलेली होती. पण पावसाने कुजलेल्या खालच्या फळीचा कोपरा सुटून तिथे तळहाताएवढी फट पडली होती. आत सात तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, मरून पडल्या होत्या, त्यांतली खाल्लेली एकच, तीही अर्धी. बाहेरच्या ओल्या मातीत पाच बोटांची पावले उमटली होती. मांजर-कुत्र्याच्या पावलात चारच बोटे उमटतात आणि मुंगूस रात्री फिरत नाही, म्हणून हे काम उदमांजराचे, हे ध्यानात आले.

चोर कोण, हे ओळखणे महत्त्वाचे असते, कारण प्रत्येकाची वेळ आणि वाट वेगळी असते. मुंगूस भरदिवसा कुंपणाच्या कडेने येते. रानमांजराची वेळ तिन्हीसांजेची आणि पहाटेची. घार उघड्या अंगणातून पिल्लू उचलते आणि मागे काहीच खूण ठेवत नाही. घूस जमिनीखालून येते. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे रात्री शत्रू आत शिरला की ती पळत नाही, बसल्या जागीच मारली जाते. म्हणूनच रात्रीचे नुकसान इतके मोठे असते.

आपण खुराडे बांधतो ते कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून. ते बांधायला हवे बाहेरचा आत येऊ नये म्हणून. बाजारात मिळणारी षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला अडवते, पण कुत्रे ती दातांनी फाडते. त्याऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जाड तारा एकमेकींना जोडून केलेली चौकोनी छिद्रांची जाळी घ्यावी. खर्च जास्त येतो, परंतु तो एकदाच करावा लागतो. जमीन उकरून कोणी आत येऊ नये म्हणून हीच जाळी चारही बाजूंनी फूटभर खोल पुरावी, किंवा बाहेरच्या अंगाला फूट-दीड फूट आडवी पसरून तिच्यावर चिरे ठेवावेत. उकरणारा जनावर भिंतीलगतच उकरतो आणि जाळी लागली की सोडून देतो. दाराला नुसती फिरती खिटी पुरत नाही. कडी आणि तिच्यात अडकवलेली खीळ, असे दोन्ही हवे.

दिवसा पिल्लांना पहिले सहा-आठ आठवडे कोंबडीसह डालग्याखाली ठेवावे किंवा दाट झुडपांच्या आडोशाला चरू द्यावे. काही जण घारीसाठी अंगणावर मासेमारीचे जुने जाळे ताणतात. उपाय उत्तम आहे, मात्र त्याचे टोक जमिनीवर लोळू देऊ नये. नायलॉनच्या धाग्यांत साप अडकून तडफडत मरतात, आणि तो सोडवायला जाणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. सापाचे मूळ अनेकदा आपल्याच सांडलेल्या दाण्यात असते: दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. म्हणून दाणे रात्री आत उघडे ठेवू नयेत आणि अंडी दिवसातून दोनदा काढावीत. खुडूक कोंबडीला एकवीस दिवस अंड्यांवर बसवायचे असेल, तर तिची टोपली पडवीत, माणसांच्या वावरात ठेवणे चांगले.

नुकसान झाले की राग येतो, आणि कोणी फासा लावतो, कोणी विष घालतो. हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. शिवाय एक मारले तरी फट तशीच राहते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे येते. तेच मुंगूस आपल्या परसातले उंदीर आणि सापही खात असते. बिबट्याचा वावर जाणवला तर मात्र स्वतः काही न करता वन विभागाला कळवावे.

आज दिवेलागणीला कोंबड्या मोजून आत घ्या. अंधार पडला की घटकाभर खुराड्यात विजेरी पेटवून ठेवा आणि बाहेरचे दिवे मालवून चारही बाजूंनी, खाली वाकून, छपराकडे मान वर करून एक फेरी मारा. जिथून उजेड बाहेर येताना दिसेल तिथे खडूने खूण करा. जाळीची जागा सोडून जिथे जिथे खूण झाली असेल, तिथे उद्या सकाळी खिळे आणि फळी घेऊन बसा.