आधी मीटर, मग बूस्ट

[दृश्य: जुन्या टर्बो गाडीचा डॅशबोर्ड. इंजिन चालू. तापमानाचा काटा मध्यावर.]

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, आणि त्या कोंबलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. जुन्या गाडीचा बूस्ट वाढवायचा असेल तर आधी तीन मीटर लावा, कारण गाडीतले काटे पुरेसं सांगत नाहीत. हा काटा बघा. पाणी ऐंशी अंशांवर असो की शंभराच्या आसपास, पुष्कळ गाड्यांत तो इथून हलत नाही. हा बिघाड नव्हे. काटा जरा सरकला की गिऱ्हाईक घाबरून गाडी सर्व्हिसला आणतं, म्हणून मधल्या टप्प्यात तो स्थिर राहील अशी सोय कंपन्यांनीच करून ठेवली. तो वर जायला लागतो तोवर इंजिन बऱ्यापैकी तापलेलं असतं.

ऑइलच्या काट्याची गंमत याहून मोठी. माझ्दाच्या पहिल्या एमएक्स-5मध्ये, म्हणजे टर्बो नसलेल्या गाडीत, सुरुवातीला खरा ऑइल प्रेशर मीटर होता. 1995 च्या मॉडेलपासून त्याच्यामागे नुसता स्विच आला. थोडंफार प्रेशर असलं की काटा मध्यावर, नसलं की खाली. काम इशाऱ्याच्या दिव्याचं, थाट मात्र मीटरचा!

[दृश्य: जुनी छायाचित्रं. टर्बोचार्जरची आतली रचना.]

टर्बो लावलेल्या पेट्रोल गाड्या सर्वसामान्य गिऱ्हाइकाला मिळू लागल्या त्या 1962 मध्ये, अमेरिकेत. ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर. जेटफायरमध्ये नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकणं, टाळायला पाणी आणि मेथनॉलचं मिश्रण आत सोडत. त्याची टाकी मालकानं भरत राहायची, आणि मालक ते विसरायचे. 1973 मध्ये बीएमडब्ल्यूची 2002 टर्बो आली, मागोमाग पोर्शे 911 टर्बो, मग साब. साब 900 टर्बोच्या डॅशवर बूस्टचा काटा होता, पण त्यावर आकडे नव्हते, रंगांचे पट्टे होते. तेव्हाच्या चालवणाऱ्याला तेवढं पुरायचं. आज त्याच गाडीचा बूस्ट वाढवायला निघालेल्याला ते पुरत नाही.

[दृश्य: बॉनेट उघडं. इनटेक मॅनिफोल्डजवळ हात.]

म्हणून पहिला मीटर बूस्टचा. शून्याच्या वर दाब, शून्याच्या खाली व्हॅक्यूम. लोक वरचाच भाग बघतात. खरी माहिती खाली असते. समुद्रसपाटीजवळ, धडधाकट इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं चालू ठेवल्यावर, साधारण 18 ते 22 इंच पारा इतका व्हॅक्यूम दाखवतं आणि काटा थरथरत नाही. उंचावरच्या गावात हा आकडा कमी येतो, ते साहजिक आहे. पण सपाटीवर 14 दिसत असेल तर वीस-तीस वर्षांची एखादी रबरी नळी तडकली असण्याची शक्यता मोठी. टर्बोच्या तोंडाला झाकण लावून हवेचा दाब भरायचा, जोडांवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे आले तिथं गळती. बूस्ट कंट्रोलर विकत घेण्याआधी हे काम उरकावं.

मीटरची नळी कुठून घ्यायची, यात एक खोच आहे. इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यावर, हाताशी सापडते ती फ्यूल प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाची) नळी, आणि पुष्कळ जण तिथंच टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून मोकळे होतात. आता ती टी सैल झाली किंवा मीटरची नळी केबिनमध्ये निसटली, तर रेग्युलेटरपर्यंत पूर्ण बूस्ट पोचत नाही. त्याला वाटतं दाब कमी आहे, म्हणून तो पेट्रोलचा दाबही कमी ठेवतो. म्हणजे ऐन बूस्टमध्ये इंजिन लीन होतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि कारण कोण, तर इंजिन जपायला लावलेला मीटर. मॅनिफोल्डवर वेगळं तोंड शोधा, नळीला दोन्ही टोकांना क्लिप लावा.

[दृश्य: ऑइल फिल्टर काढलेला. हातात पितळी अडॅप्टर आणि सेंडर.]

दुसरा मीटर ऑइल प्रेशरचा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर तुटला की बेअरिंग संपलं. इथं आट्यांकडे लक्ष द्या. बऱ्याच जपानी इंजिनांच्या ब्लॉकमध्ये एक अष्टमांश इंची बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, इंचाला 28. बाजारात मिळणारे बहुतेक सेंडर, म्हणजे दाब मोजून मीटरला कळवणारे भाग, एनपीटीचे (अमेरिकन मापाचे), इंचाला 27. दोन-तीन फेरे छान बसतात, आणि तिथंच माणूस फसतो. पुढं पाना लावून जोर केला की ब्लॉकचे आटे जातात. योग्य अडॅप्टर घ्या. आणखी एक: जड सेंडर पितळी टीवर थेट लटकवू नका, इंजिनच्या कंपनांनी टी मोडते. जाळीच्या होजनं तो बाजूला बॉडीवर बसवा.

तिसरा मीटर वाइडबँड, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा. पैसे मोजकेच असतील तर माझं मत यालाच. गाडीतला जुना ऑक्सिजन सेन्सर 'जास्त पेट्रोल' की 'कमी पेट्रोल' एवढंच सांगतो. किती, हे वाइडबँड सांगतो. पेट्रोलसाठी संतुलित प्रमाण 14.7 ला एक. समुद्रसपाटीवरचा हवेचा दाबही 14.7 पीएसआय (दाबाचं एकक), पण त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पूर्ण बूस्टमध्ये साधारण साडेअकरा ते साडेबारा हवं. आकडा वर गेला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर टर्बोतून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपवर, आडव्या रेषेपेक्षा निदान दहा अंश वर कललेला बसवा, म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी त्यात साचत नाही.

वायरिंगचं थोडक्यात. इग्निशनवर चालू होणारी लाइन, स्वतंत्र फ्यूज, फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट, आणि सगळ्या मीटरचं अर्थिंग एकाच जागी. अर्थिंग ढिलं असेल तर हेडलाइट लावताच आकडे बदलतात. समोरच्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल तर तिथं मीटरचा पॉड, म्हणजे मीटर धरणारा साचा, बसवायचा नाही.

[दृश्य: बंद ट्रॅक. तिसरा गिअर. मीटरवर कॅमेरा.]

आता थोडे दिवस काही वाढवू नका. गाडीचे रोजचे आकडे लिहून ठेवा: थंड असताना, गरम असताना, आयडलला, पूर्ण थ्रॉटलला. मग ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक पीएसआय बूस्ट वाढवा. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपासून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर वाइडबँड 11.8 वर स्थिर, पाच हजारांना 12.1, साडेसहा हजारांना 12.9. बूस्ट तेवढाच आहे, पण पेट्रोल मागं पडतंय. पंप दमला, फिल्टर तुंबला किंवा इंजेक्टर पुरेनात. कानाला यातलं काही कळत नाही. सायलेन्सर मोठा बसवला असेल तर नॉकिंगही ऐकू येत नाही, आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटायला काही सेकंद पुरतात. असा आकडा दिसला की पाय लगेच काढायचा, बूस्ट आधीच्या पायरीवर आणायचा आणि फ्यूल प्रेशर मोजायला घ्यायचं.

थ्रॉटल सोडल्यावर साठलेला बूस्ट हवेत फुस्स करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह? तो सगळ्यात शेवटी. एअर फ्लो मीटर असलेल्या गाडीत तो मोजून घेतलेली हवा बाहेर टाकतो, पेट्रोल मात्र त्या हवेच्या हिशेबानंच पडतं, आणि गिअर बदलताना वाइडबँड लगेच दहाच्या खाली जातो.