उशिराची किंमत कोण मोजतं?

नमस्कार श्रोतेहो.

"एवढं घ्या आणि मोकळ्या व्हा." घटस्फोटाच्या बोलणीत समुपदेशक म्हणून बसताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. परवा ते पुन्हा ऐकलं. समोरच्या बाईंच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती, हाताळून हाताळून कडा मऊ पडलेली. देऊ केलेली रक्कम फार कमी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी हात पेनाकडे निघालाच होता. पुढची तारीख पाच महिन्यांवर होती आणि मुलीची फी याच महिन्यात भरायची होती.

वाटणी न्याय्य झाली का, हा वाद आपण नेहमी हिश्श्यावरून घालतो. निम्मं द्यावं की तिसरा हिस्सा? पण अन्याय बऱ्याचदा त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. ज्याच्या हातात पैसा, त्याला उशीर परवडतो, आणि नुसता परवडत नाही, फायद्याचा ठरतो. लांबलेल्या प्रत्येक महिन्यात त्याचे पैसे त्याच्याकडेच राहतात आणि समोरची व्यक्ती थकून आणखी थोडं सोडून द्यायला तयार होते. त्यासाठी माणूस दुष्ट असावा लागत नाही. उशिरात लाभ असेल, तर एरवीचा सज्जन माणूसही पुढची तारीख मागतो. कमावणारी बायको आणि घर सांभाळणारा नवरा असला तरी हिशेब हाच.

म्हणूनच पोटगीबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल मला फार मोलाचा वाटतो. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची, आदेशाच्या तारखेपासून नव्हे, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. गोष्ट ओळभराची, पण सगळं गणित फिरतं. एरवी टोलवलेला महिना म्हणजे वाचलेला महिना. इथे तोच थकबाकी म्हणून डोक्यावर बसतो. शिवाय दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर मांडायची, असंही त्याच निकालात आहे. लपवाछपवीने लांबलेली किती प्रकरणं मी पाहिली आहेत!

"एवढं घ्या" या शब्दांत आणखी एक गोष्ट दडलेली असते: तुमची गरज भागेल एवढं. इंग्लंडमध्ये कोर्टं श्रीमंत घरांतही बायकोचा हिस्सा तिच्या वाजवी गरजांपुरता धरत, उरलेलं नवऱ्याचं. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका शेतकरी जोडप्याच्या खटल्यात विचारलं की गरज भागल्यावर उरलेलं सगळं नवऱ्याकडेच का जावं? कमावणं आणि घर-मुलं सांभाळणं यांत डावं-उजवं करू नये, असं तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं. मला ते मनापासून पटतं. एकाने घर सांभाळलं म्हणून दुसऱ्याला बाहेर पाय रोवता आले. मग त्या कमाईत वाटा मागणं याला उपकार कसं म्हणायचं?

दरमहाच्या पोटगीचं दुखणं वेगळं. देणाऱ्याला उत्पन्न कमी दाखवावंसं वाटतं आणि घेणाऱ्याला नोकरी धरायची भीती वाटते. नातं संपतं, पण एकमेकांच्या पगारावरची नजर हटत नाही. रक्कम खरोखर पुरेशी असेल तर माझा कौल एकरकमी पोटगीला. मुलांचा खर्च मात्र त्यात मिसळू नये, कारण तो वर्षागणिक वाढतो.

त्या बाईंना मी अर्जाच्या तारखेचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, फाइलमधून अर्जाची प्रत काढली, वरची तारीख दोनदा वाचली आणि बोटांच्या पेरांवर महिने मोजायला लागल्या.