चित्रकथेला नवा वाचक कुठे भेटेल?

ठाण्यातल्या नौपाड्यातील एका रद्दीच्या दुकानात, वजनकाट्याच्या मागे, सुतळीने बांधलेली चित्रकथांची एक चळत आहे. वरच्या अंकाच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, पिना गंजल्या आहेत, आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेले एक नाव खोडून त्याखाली दुसरे, मग तिसरे नाव लिहिलेले आहे. एक प्रत किती घरांतून फिरत असे, याचा हिशेब खपाच्या आकड्यांत सापडत नाही.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून १९९० पर्यंत निघत होते आणि त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, मराठीतही बोलत असे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि १९८० मध्ये ‘टिंकल’. हे अंक घ्यायला सहसा कोणी मुद्दाम दुकान शोधत जात नसे. फलाटावरच्या स्टॉलवर ते दोरीला टांगलेले दिसत, मूल हट्ट धरी, आणि गाडी यायच्या आत वडिलांना खिशात हात घालावा लागे. आज ठाण्याच्या फलाटावर त्याच उंचीवर वेफर्सची पाकिटे लटकतात.

अमेरिकेत हे आधीच घडले होते. तिथे कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली जात आणि न खपलेल्या प्रती परत येत. १९७० च्या दशकात प्रकाशकांनी खास कॉमिक्सच्या दुकानांना, प्रती परत न घेण्याच्या बोलीवर, जास्त सवलतीने अंक देण्यास सुरुवात केली. तोटा कमी झाला खरा, पण त्या दुकानाची पायरी चढणारा गिऱ्हाईक आधीपासूनच शौकीन होता, आणि त्याच्यासाठी लिहिता लिहिता कथा इतक्या गुंतत गेल्या की मागचे अंक न वाचलेल्याला पहिल्याच पानावर परके वाटावे. ही कोंडी फोडण्यासाठी २००२ पासून मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे कॉमिक्स फुकट वाटली जाऊ लागली. मात्र फुकटचा अंकही दुकानातच ठेवला, तर दुकानाचा रस्ता ठाऊक नसलेल्या मुलाच्या हाती तो पडावा कसा? ‘अमर चित्र कथे’ची जुनी रीत इथे शहाणपणाची वाटते: बहुधा एका अंकात एक संपूर्ण गोष्ट, त्यामुळे चळतीतला कुठलाही अंक आधी उचलावा.

घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांतून मराठी घरांतली, पण इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले राहतात. त्यांपैकी अनेकांना मराठी ऐकून समजते, सलग परिच्छेद मात्र वाचवत नाही. अशा मुलाला दोन ओळींचा संवाद पेलतो, आणि शब्द अडला तर चित्र हात देते. मराठी चित्रकथेचा नवा वाचक माझ्या मते हाच आहे, आणि नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते. इंग्रजीतून आणलेल्या चित्रकथेत संवादाचा फुगा इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेला असतो. देवनागरीत वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींमध्ये जास्त जागा लागते, आणि मजकूर मावावा म्हणून टाईप बारीक केला जातो. वाचताना आधीच अडखळणाऱ्या मुलापुढे असा बारीक टाईप! मुळात मराठीसाठी आखलेल्या पानावर फुग्याची जागा आधी सोडता येते आणि पात्राचे डोके कुठे येणार, ते मग ठरवता येते.

नौपाड्यातल्या त्या चळतीतून गणवेशातला एक मुलगा अंक उपसून काढतो, मुखपृष्ठावरचे नाव ‘वे...ताळ’ असे फोडून वाचतो आणि दर विचारतो. दुकानदार अंक काट्यावर ठेवत नाही. तो मागची छापील किंमत शोधू लागतो.