एका कानाने फोर्ट

नमस्कार श्रोतेहो.

१९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात प्रेक्षकांच्या हाती एकेक छोटा रेडिओ-संच आणि कानाला लावायला हेडफोन दिला गेला. इमारतीतल्या इमारतीत शॉर्टवेव्हवरून चित्रांची माहिती प्रक्षेपित होत होती. सगळ्यांना एकाच क्षणी एकच वाक्य ऐकू यायचं, त्यामुळे दालनातली माणसं एकदमच एका चित्राकडून दुसऱ्याकडे वळायची. आज ज्याला आपण ऑडिओ गाईड म्हणतो, त्याची सुरुवात ही अशी रेडिओच्या घरात झाली. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला हे सांगताना थोडं मिरवावंसं वाटतं, समजून घ्या.

पण रेडिओची खोडही त्यात होतीच. तुम्ही एखाद्या चित्रापाशी रेंगाळलात तरी आवाज पुढे निघून जायचा. आता मी बोलतोय, तुमच्या गॅसवर दूध उतू गेलं तरी मी थांबणार नाही. मोबाइलवरच्या ऑडिओ टूरमध्ये मात्र आवाजाला थांबवता येतं, आणि शहराचा जुना भाग पायी हिंडताना हीच सोय सगळ्यात मोलाची. गाईडची छत्री नजरेआड होईल ही धास्ती नाही, मंडळी खोळंबली आहेत हा संकोच नाही. पुस्तक घेऊन हिंडलं तर मान खाली जाते. कानात कुणी सांगत असलं की मान वर राहते. आणि जुन्या इमारतींची खरी गंमत पहिल्या मजल्याच्या वरच असते.

अशा फेरीला मुंबईचा फोर्ट भाग फार चांगला. रविवारी सकाळी जा. कचेऱ्या बंद असतात, फुटपाथवर उभं राहायला जागा मिळते. टूर घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून घ्या. इअरफोन एकाच कानात घाला. मागून येणाऱ्या टॅक्सीला तुमच्या इतिहासप्रेमाशी काही देणंघेणं नसतं.

फोर्टमध्ये किल्ला मात्र शोधू नका. १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडून टाकली. त्या तटाला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, बझारगेट आणि चर्चगेट. चर्चगेट म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे लोकल उभी राहते. पण तो दरवाजा होता आत्ताच्या फ्लोरा फाउंटनच्या आसपास, आणि त्याला नाव देणारं चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस, १७१८ मध्ये सुरू झालेलं. तेव्हा चर्चपासून फाउंटनपर्यंत वीर नरिमन रस्त्याने सरळ चालत गेलात, की तुम्ही किल्ल्याच्या आतून वेशीपर्यंत आलेले असता. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. समोर झेरॉक्सचं दुकान, बँक, पुस्तकांचे ठेले. नेमकं त्याच वेळी कानात कुणी म्हणालं, "आता जिथे सिग्नल आहे तिथे थांबा, तुम्ही तटाबाहेर पडताय," तर अंगावर काटा येतो. जे आता उरलेलं नाही ते जागेवर उभं करणं, हे काम आवाज फार छान करतो.

सेंट थॉमसची आणखी एक गोष्ट. मुंबईतली अंतरं मोजायचा शून्य मैल म्हणजे हे चर्च. इथून इतके मैल असं रोमन आकड्यांत कोरलेले दगड शहराच्या फुटपाथांवर आजही काही ठिकाणी आहेत. बरेचसे इतकी वर्षं रस्त्याच्या भरावात गाडले गेले होते.

सुरुवात कुठून करायची? माझी पसंती एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांना. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर हॉर्निमन सर्कलची गोल बाग दिसते. मागची इमारत, म्हणजे टाउन हॉल, १८३३ मध्ये पुरी झाली. आज जिथे बाग आहे तिथे मोकळं मैदान होतं, कापसाच्या गासड्या पडलेल्या असायच्या, आणि जवळच्या वडाखाली शेअर दलाल जमायचे. पुढे ते दलाल स्ट्रीटला गेले आणि १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना बांधली. जवळच्या लाल इमारतीतून 'मुंबई समाचार' निघतो, १८२२ पासून. एवढं कानावर घालून आवाजाने गप्प बसावं आणि ऐकणाऱ्याला बागेभोवती एक फेरी मारू द्यावी. बहुतेक टूर इथे चुकतात. त्यांना शांततेची भीती वाटते. एक सन संपला की दुसरा, एक गव्हर्नर गेला की पुढचा हजर.

मी ऐकलेल्या एका इंग्रजी टूरमध्ये फ्लोरा फाउंटनवर भरपूर मजकूर होता. १८६४ साल, पोर्टलंडचा दगड, फुलांची रोमन देवता, नॉर्मन शॉ यांचा आराखडा. सगळं बरोबर. शेजारच्या स्मारकाला मात्र एक ओळ. हातात मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार तिथे उभे आहेत, त्यांच्याबद्दल फक्त एक ओळ! २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. १९६० मध्ये राज्य झालं आणि चौकाला हुतात्म्यांचं नाव मिळालं. मराठी माणूस तिथे उभा असेल तर त्याला कारंज्याच्या दगडाची खाण कुठली हे नंतर सांगितलं तरी चालेल. मराठीत अशा फेऱ्या व्हायला हव्यात असं मी म्हणतो ते भाषेच्या अभिमानापोटी कमी, आणि असं काही सुटू नये म्हणून जास्त.

या कारंज्याची एक गमतीदार जोडी आहे. ते मुळात बसवायचं होतं भायखळ्याच्या बागेत, म्हणजे आपल्या राणीबागेत. आलं फोर्टात. आणि फोर्टातला काळा घोडा, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये हलवला तो थेट राणीबागेच्या आवारात. बागेचं कारंजं चौकात आणि चौकातला घोडा बागेत! काळा घोडा भागाला नाव चिकटलं ते चिकटलंच, घोडा नसताना पन्नासएक वर्षं लोक तिथेच भेटत राहिले. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला. यावर स्वार नाही.

फाउंटनपासून चर्चगेटकडे जाताना क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे, १७२५ची. आत पारशी मंडळींनाच जाता येतं, आपण बाहेरून पाहायचं. तिथून ओव्हल मैदान गाठा आणि मैदानाच्या कडेने मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या राजाबाई टॉवरसमोर, म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्यासमोर, या. इथे मात्र घाई करू नका.

१८७८ मध्ये पुरा झालेला हा मनोरा २८० फूट उंच आहे. पैसा शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. आई अंध होत्या, जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावं म्हणून त्यांना टोले उपयोगी पडायचे, असं सांगतात. ऐकायला गोड गोष्ट आहे, पण "असं सांगतात" हे शब्द टूरमध्ये जरूर असावेत. त्यापेक्षा मान मागे टाका. मनोऱ्यावर उंच माणसांचे पुतळे दिसतील. पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची चोवीस माणसं, आपापल्या वेशात. आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट लंडनचे. पण या आकृत्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच इंजिनिअरने. खालून हजारो विद्यार्थी गेले असतील, किती जणांनी वर पाहिलं असेल? पाठ ओव्हलच्या कुंपणाला टेका, सूर्य मागे येईल अशी वेळ धरा, म्हणजे दुपार उलटल्यावर, तर पागोट्यांचे घाट वेगवेगळे आहेत हेही कळतं. दुर्बीण असेल तर उत्तमच.

काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत आहे. तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा, भाग इंग्लंडहून जहाजाने आलेले. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं देशात पहिल्यांदा इथे दाखवली, तिकीट एक रुपया. इमारत पार मोडकळीला आली आहे. समोरच्या फुटपाथवरून पाहा, खाली उभं राहून नको.

आता तुमच्या गावाबद्दल. पुण्याचा कसबा असो, नाशिकची पंचवटी असो, वाईचे घाट असोत, मराठी टूर तयार मिळेल याची वाट कशाला पाहायची? मोबाइलवर आवाज मुद्रित करता येतो. घरी पंखा बंद करा, कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून बोला, आवाज घुमत नाही. हे आमच्या धंद्यातलं गुपित, फुकट सांगतोय. प्रत्येक थांब्याची फाइल वेगळी ठेवा, दीड-दोन मिनिटांपलीकडे नको. आणि पहिलं वाक्य नेहमी पायांसाठी असू द्या : "पिंपळाच्या पाराला उजवीकडे ठेवून उभे राहा." पाय जागेवर आले की मग डोळे, मग गोष्ट. उपग्रहावरून जागा ओळखून आपोआप सुरू होणारा आवाज अरुंद गल्लीबोळांत गडबडतो, वाड्याची कथा देवळापुढे सुरू होते. त्यापेक्षा ऐकणाऱ्यालाच बटण दाबू द्या. आज्जी-आजोबांचा आवाज घेता आला तर जरूर घ्या, पण "इथे पूर्वी फार मजा होती" यावर त्यांना सोडू नका. कुठल्या दारातून, कुणाच्या हातचं, किती पैशांना, ते विचारा.

झालं की गावात नवख्या असलेल्या कुणाच्या तरी हाती फोन द्या आणि मुकाट्याने दहा पावलं मागून चाला. तो जिथे थबकून तुमच्याकडे वळून पाहील, तेवढं वाक्य पुन्हा मुद्रित करा.

नमस्कार.