मुलीचा आठवडा कोणत्या गावात?

सोलापूर स्थानकातून सकाळी सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस साधारण चार तासांत पुण्याला पोहोचते. नोकरीसाठी आणि शिक्षणासाठी सोलापूरकर वर्षानुवर्षे याच गाडीने जात आले आहेत. विभक्त झालेल्या पालकांपैकी एकाला मुलासह कायमचे पुण्याला जायचे असेल आणि दुसऱ्याचा त्याला विरोध असेल, तर या चार तासांचा निवाडा न्यायालयाला करावा लागतो.

अशा स्थलांतरासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम सर्व धर्मीयांना लागू आहे, हिंदूंसाठी त्याच्या जोडीला १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आहे, आणि दोन्हींचा रोख एकच आहे: मुलाचे हित. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे १९५६ चा कायदा म्हणतो. पण तेही हिताच्या कसोटीवर तपासले जाते.

एक उदाहरण घेऊ. मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. ताबा आईकडे आहे आणि आईला पुण्यात पक्की नोकरी मिळाली आहे. वडील यंत्रमाग कारखान्यात टॉवेल विणतात. आई कामावर असताना मुलीला आजवर आजीने सांभाळले; सुपात तेंदूची पाने घेऊन विड्या वळता वळता तिने नातीकडून पाढे म्हणून घेतले. आईची नोकरी खरी आहे की वडिलांना दूर ठेवण्याचा तो बहाणा आहे, हे न्यायालय आधी पाहते; त्यासाठी नियुक्तिपत्र, घराचा भाडेकरार आणि नव्या शाळेतील प्रवेशाची कागदपत्रे मागितली जाऊ शकतात. त्यानंतरचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: पुण्यात दुपारी शाळा सुटल्यावर ही मुलगी कोणाकडे असेल? आजी सोबत जाणार असेल तर त्या घराचे चित्रच बदलते.

समजत्या वयाच्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते. न्यायाधीश अनेकदा आईवडिलांना बाहेर थांबवून आपल्या दालनात मुलाशी बोलतात. आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः संवाद साधला आणि २०१० साली आईला मुलासह जाण्याची मुभा कायम ठेवली. ताब्याचा आदेश कधीच अखेरचा नसतो, मुलाची गरज बदलली की तो बदलता येतो, हे त्या निकालात स्पष्ट झाले. वडिलांच्या भेटीचा हक्कही जपला गेला.

न विचारता मूल उचलून नेणे मात्र महागात पडू शकते. अमेरिकेतील न्यायालयाने आईकडे ताबा दिलेला मुलगा वडिलांनी परस्पर पुण्यात आणला होता; १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला आईकडे परत पाठवले. अर्थात, केवळ पालकाला शिक्षा म्हणून मुलाचा ताबा फिरवला जात नाही. तिथेही मुलाचेच हित पाहिले जाते, आणि हे योग्यच आहे.

परवानगी मिळाली तरी खरी कसोटी भेटींच्या आदेशात असते. 'दर दुसऱ्या रविवारी भेट' हे कागदावर न्याय्य दिसते. पण वडिलांची साप्ताहिक सुटी रविवारी नसेल, तर त्या ओळीला काही अर्थ उरत नाही. म्हणून चांगल्या आदेशात बारकावे असतात: मुलीला गाडीने कोण आणणार, तिकिटाचा खर्च कोणाचा, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी व किती वाजता, उन्हाळ्याच्या सुटीचे किती दिवस सोलापुरात. असा आदेश मान्य नसेल तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांना त्यासाठी मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जाता येते.

आमच्या उदाहरणातील वडिलांनी आणखी एक ओळ मागितली असती. जानेवारीत सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते. नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीच्या दिवशी लेक आपल्या खांद्यावर असावी, एवढीच ती ओळ. पुण्यातील शाळेला एक अर्ज दिला, तर हे सहज जमण्यासारखे आहे.