अंतरपाट दूर होतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. तुळशीचं लग्न आटोपलं की आपल्या नागपुरात लॉनवर मांडव चढायला लागतात. वर्धा रोड घ्या, कोराडी रोड घ्या, संध्याकाळी सगळीकडे झगमगाट. आज बोलायचं आहे ते लग्नाचे फोटो काढण्याबद्दल. नव्यानं कॅमेरा हाती घेतलेल्या मुलामुलींसाठी, आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांच्यासाठीही.

पहिली गोष्ट: बॅग उघडण्याआधी गुरुजींना गाठा. पुन्हा सांगतो, आधी गुरुजींना गाठा. सप्तपदीला सात पावलं असतात, एखादं हुकलं तरी पुढचं मिळतं. लाजाहोमात नवरीचा भाऊ ओंजळीत लाह्या घालतो, तेही एकापेक्षा जास्त वेळा होतं. अंतरपाट मात्र एकदाच दूर होतो.

तो प्रसंग नीट डोळ्यांसमोर आणा. मामा नवरीला घेऊन येतात. समोर नवरदेव, मधे कुंकवानं स्वस्तिक काढलेला अंतरपाट. मंगलाष्टकं सुरू होतात. गुरुजींची होतात, मग आत्या म्हणते, मग मावशी पर्समधून चिठ्ठी काढून स्वतः रचलेली म्हणते. दहा मिनिटं जातात, कधी वीस. नवखा फोटोग्राफर इथंच फसतो. दर 'सावधान'ला अक्षता उडाल्या की तो फ्लॅश मारत सुटतो. फ्लॅश पूर्ण ताकदीवर असला तर पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद लागतात, सेल तापतात, आणि खरी वेळ येते तेव्हा फ्लॅश पेटतच नाही. म्हणून फ्लॅश १/८ ताकदीवर ठेवा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० पर्यंत चढवा, आणि कान उघडे ठेवा. 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' ऐकू आलं की समजायचं, आता अंतरपाट जाणार. वाजंत्रीवालेही त्याच ओळीवर सावध होतात. त्यांच्याकडे पाहिलं तरी कळतं.

उभं कुठं राहायचं? अंतरपाटाच्या रेषेत. म्हणजे कापडाची फक्त कड दिसते आणि दोन्ही बाजूंना दोन चेहरे येतात. पण गुरुजी ज्या बाजूला कापड ओढणार, त्या बाजूला उभं राहायचं नाही. तिथं कापड थेट भिंगासमोर येतं आणि हातात उरतो पांढऱ्या कापडाचा फोटो. "गुरुजी, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार?" एवढं एक वाक्य आधी विचारून ठेवा.

आता फोकस. अक्षता पडायला लागल्या की कॅमेरा जवळच्या दाण्यांवर फोकस नेतो आणि नवरी पुसट होते. म्हणून शेवटचं मंगलाष्टक चालू असतानाच तिच्या मुंडावळ्यांवर फोकस घ्या आणि लॉक करून टाका. फुलफ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, ३५ मिमीचं भिंग, अ‍ॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचं माप) एफ ४, अंतर अडीच मीटर. एवढ्यावर साधारण २ मीटरपासून ३.३ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, दोघंही त्यात बसतात. शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/२५० सेकंद. महागडं एफ १.४ चं भिंग आहे म्हणून ते पूर्ण उघडू नका, दोघांपैकी एकाचे डोळे हमखास पुसट येतात.

आणि फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवू नका. जवळच्या दाण्यांवर उजेड जास्त पडतो, मग चेहऱ्यांवर पांढरे ठिपकेच ठिपके दिसतात. फ्लॅशचा उजेड छताकडे वर उडवावा, तर मांडवाच्या केशरी कापडाचा रंग कपाळावर उतरतो, आणि उघड्या लॉनवर वर आभाळच असतं. फ्लॅश बाजूला स्टँडवर लावा, सात-आठ फुटांवर, रिमोटनं पेटणारा. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा. पोरं धावतात, वायरीत पाय अडकतात.

अक्षतांवरून आठवलं. मागच्या रांगेतली मंडळी मूठभर तांदूळ फेकतात, तो पोचतो पुढच्यांच्या डोक्यावर आणि सगळा पायदळी जातो. अन्न आहे ते. पुढच्या दोन रांगांनाच चिमूट-चिमूट द्यावा, असं माझं ठाम मत आहे. पाकळ्यांचा पर्याय चांगला आहे, पण गुलाबाच्या अख्ख्या पाकळ्या नकोत, त्या डोळ्यांवर येतात. झेंडूच्या मोकळ्या करून द्या.

बाकीचं थोडक्यात. गोरज मुहूर्त असेल तर लक्षात ठेवा, नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी मावळतो. बाहेरून आलेले फोटोग्राफर इथं चुकतात आणि नवरीचे एकटीचे फोटो अंधारात काढत बसतात. ते ऊन असतानाच उरका. स्टेजवरचे जांभळे-गुलाबी पार लाइट, म्हणजे रंगीत झोताचे दिवे, लग्न लागेपर्यंत बंद ठेवायला डेकोरेशनवाल्यांना सांगा, तो रंग नंतर कॉम्प्युटरवर धड निघत नाही. स्वस्तातल्या एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले, तर शटर १/१०० करून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर तर तिथं वापरूच नका.

मे महिन्यात लॉनवर फवाऱ्याचे पंखे असतात. त्यांच्यासमोर कॅमेरा धरू नका, थेंब वाळले की भिंगावर क्षाराचे पांढरे डाग राहतात. बंद गाडीत बॅटऱ्या ठेवू नका, हेही तितकंच महत्त्वाचं.

कॅमेरे दोन असतील तर दोघांची घड्याळं सकाळीच जुळवा, नाहीतर पाठवणी आधी आणि हळद नंतर असा क्रम लागतो. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहू द्या. २४ मेगापिक्सेलचा रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला, फोटो २५ ते ३० एमबीचा होतो, म्हणजे दोन हजार फोटोंना ५० ते ६० जीबी लागतात. त्या हिशेबानं कार्डं घ्या. आणि घरच्या मंडळींनो, फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरले का, हे फोटोग्राफरला विचारा. ते उतरून उघडून पाहेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हे फोटोग्राफर ठरवतानाच बोलून घ्या. नमस्कार.